'ब्रेक सुस्थितीत' एवढं लिहून तपास संपत नाही : परिवहन आयुक्त आणि मोटार वाहन निरीक्षकांना खुलं पत्र

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातल्या प्रत्येक आरटीओत काम करणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. नऊ माणसं गेली, चाळीसहून अधिक जखमी झाली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत दोनच गोष्टी ऐकू येत होत्या. कुणी म्हणे ब्रेक फेल झाला, कुणी म्हणे ड्रायव्हरची चूक. मग आपल्या खात्याने बस तपासली, ब्रेक चालू स्थितीत असल्याचं समोर आलं आणि लोकांनी विषय मिटवला. चालक आधी गिअरच्या लहान बस चालवत होता, मोठी ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक बस हातात येऊन त्याला थोडेच दिवस झाले होते आणि प्रशिक्षण जेमतेम मिळालं होतं, हेही त्याच दिवसांच्या बातम्यांत होतं. त्यावर चार दिवस चर्चा झाली आणि थांबली.

त्या खटल्यावर मला काही बोलायचं नाही. दोष कुणाचा, ते न्यायालय ठरवेल. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या शांततेबद्दल. 'गाडी आपोआप पळाली' असं चालक सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा पाय चुकलेला, म्हणजे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडलेला असतो, हे मला मान्य आहे. शिकवण्याच्या धंद्यात राहून ते अमान्य करता येणारच नाही. पण पाय का चुकला, तो चुकल्यावर गाडीने काय केलं आणि खरंच पायच चुकला हे कशावरून, हे तीन प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. तुमच्या अहवालात ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर सुस्थितीत असल्याचं येतं, आणि त्या शब्दांच्या आधाराने पोलीस पुढचं कलम लावतात.

मी पुण्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते आणि अजूनही रोज सकाळी स्वतः शिकवायला बसते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आधीपासून गाडी चालवता येणाऱ्यांचीच रीघ वाढली आहे. साठी ओलांडलेली मंडळी, उभं आयुष्य गिअरची गाडी चालवलेली. मुलामुलींनी घेऊन दिलेली ऑटोमॅटिक दारात उभी असते आणि ती हातात घ्यायचा धीर होत नाही. घरचे म्हणतात, 'त्यात काय शिकायचंय? क्लच नाही, गिअर नाही, सोपी आहे.' सोपी आहेच. पण क्लच काय काम करत होता, ते तो गेल्यावर कळतं.

गिअरच्या गाडीत घाबरलेला माणूस काय करतो, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो दोन्ही पाय एकदम दाबतो. डावा क्लचवर, उजवा जिथे असेल तिथे. उजवा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला तरी क्लच दाबलेला असतो, त्यामुळे इंजिन नुसतं ओरडतं, चाकांपर्यंत जोर जात नाही. म्हणजे ब्रेकऐवजी रेस दाबण्याची चूक आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलेली आहे, आणि क्लचने ती पोटात घातली आहे. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच नाही. चूक तीच, पाय तोच, पण आता गाडी सुटते. इलेक्ट्रिक गाडीत तर सावध करायला इंजिनचा आवाजही नसतो आणि मोटरची ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण असते. शिवाय काही इलेक्ट्रिक गाड्या ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की आपोआप मंदावतात. त्याची सवय लागलेल्या चालकाचा पाय दिवसभर एकाच पॅडलवर असतो, ब्रेककडे जाण्याची त्याची वहिवाटच मोडते.

माझ्या शिकवायच्या ऑटोमॅटिकमध्ये माझ्या बाजूला फक्त एक ब्रेक आहे. गाडी मागे घ्यायला शिकवताना पाय चुकण्याचा प्रसंग येतो, तेव्हा सगळं जवळजवळ ठरल्या क्रमाने घडतं. शिकणारा डावीकडे वळून मागच्या काचेतून बघतो. कमरेला पीळ पडतो आणि उजवी टाच जागची सरकते. गाडी सरपटत मागे येत असते, म्हणून तो ब्रेक दाबतो, निदान त्याला तरी तसं वाटतं. गाडी जोर धरते. आता डोक्यात एकच हुकूम असतो, ब्रेक दाब, आणखी दाब. पाय तो हुकूम इमानेइतबारे पाळतो, पण भलत्याच पॅडलवर. मी माझा ब्रेक दाबते. गाडी थरथरते, इंजिन ओरडत राहतं, पण गाडी जागची हलत नाही. मी म्हणते, 'काका, पाय उचला.' ते म्हणतात, 'अहो मॅडम, ब्रेकच दाबलाय!' खाली वाकून स्वतःचा पाय बघेपर्यंत त्यांचा विश्वास बसत नाही. आणि बघितल्यावर त्यांचा चेहरा असा पडतो की रागवायचं सुचत नाही.

धडधाकट ब्रेक इंजिनला भारी पडतो, हे मी त्या सीटवर बसून पाहते. अमेरिकेतल्या एका मोटार मासिकाने टोयोटा कॅम्रीवर याची चाचणी घेतली होती. ताशी ७० मैलांवरून एरवी १७४ फुटांत थांबणारी गाडी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवूनही १९० फुटांत थांबली. फरक १६ फुटांचा. (एक सावधगिरी मात्र मी सगळ्यांना सांगते : अशा वेळी ब्रेक एकदाच, सारी ताकद लावून दाबायचा. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना ब्रेक सोड-दाब, सोड-दाब केला तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि पॅडल दगडासारखं घट्ट होतं.) म्हणून 'ब्रेक दाबूनही गाडी थांबली नाही आणि नंतर ब्रेक नीट निघाले' असं ऐकलं की तुमच्या मनात शंका येते, ती रास्त आहे.

पण 'काका' खोटं बोलत नसतात, हेही मी त्याच सीटवर शिकले. त्यांच्या पुरता ब्रेक खरोखर फेल झालेला असतो, कारण त्यांनी दाबला आणि गाडी थांबली नाही. रिचर्ड श्मिट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये यावर सविस्तर लिहून ठेवलंय. पाय पॅडलकडे नेण्याची हालचाल इतकी सरावाची असते की आपण ती तपासत नाही, आणि गाडीने अनपेक्षित उसळी घेतली की माणूस गोठतो, चूक दुरुस्त करण्याऐवजी तीच जोराने करत राहतो. यात वय, शिक्षण, अनुभव काही आड येत नाही. चालवणाऱ्या बाईवर हसण्याची जी प्रथा आहे, ती तर मला संतापजनक वाटते. दिल्लीत सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या गाडीचं चाक लिंबावरून नेताना एका महिलेकडून ॲक्सिलरेटर जोरात दाबला गेला आणि गाडी पहिल्या मजल्यावरच्या शोरूममधून थेट खाली आली. सुदैवाने जीव वाचले. लोकांनी त्याचे विनोद केले. मला त्यात दिसला तो एक प्रश्न : गाडी जागेवर उभी, समोर हातभर अंतरावर काच, आणि पॅडल पूर्ण दाबलं गेलं, तर गाडीने ते निमूट का ऐकावं? जानेवारी २०२५ मध्ये इथे विमाननगरला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगची भिंत फोडून मोटार मागच्या मागे खाली कोसळली, तेव्हाही व्हिडिओ घरोघरी पोचला. हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही.

हे भांडण जगाला नवं नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या टीव्ही कार्यक्रमाने आउडी ५००० या गाडीवर भाग दाखवला. पार्किंगमध्ये गिअर टाकताच गाडी उसळते, असा मालकांचा आरोप होता. पडद्यावर गाडीचं पॅडल आपोआप खाली जाताना दिसलं. ते दाखवण्यासाठी गाडीत बाहेरून हवेचा दाब सोडला होता, हे नंतर बाहेर आलं. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. १९८५ मध्ये तिथे सुमारे ७४,००० गाड्या विकणारी आउडी १९९१ पर्यंत १२,००० वर आली. १९८९ मध्ये तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, निष्कर्ष काढला की बहुतांश प्रकरणांत चालकांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. इथवरची गोष्ट 'ड्रायव्हरची चूक' म्हणणाऱ्यांना फार आवडते. त्याच अहवालाचा पुढचा भाग ते सांगत नाहीत : इंजिनची मंद गती सांभाळणारा भाग बिघडल्यामुळे गाडीला लहानसा झटका बसू शकत होता, आणि चालक दचकायला तेवढा पुरेसा होता; पॅडलच्या मांडणीचाही पाय चुकण्यात वाटा असू शकत होता. म्हणजे पाय चुकला हे खरं, आणि गाडीने त्याला चुकायला लावलं हेही खरं. त्या सगळ्यातून काय निघालं, तर ब्रेक दाबल्याशिवाय 'पी'मधून (गाडी उभी ठेवण्याच्या 'पार्क' स्थितीतून) लिव्हर हलू न देणारं कुलूप. आज आपल्याकडच्या ऑटोमॅटिक गाड्यांतही ते असतं आणि त्याने किती अपघात टाळले असतील, हे कधी मोजता येणार नाही. चूक चालकाची होती, दुरुस्ती गाडीत झाली.

टोयोटाच्या प्रकरणाकडे तर तुमच्यापैकी प्रत्येकाने नीट पाहावं, कारण त्यात दोन्ही बाजूंना शिकण्यासारखं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात लेक्सस गाडीत चौघांचा मृत्यू झाला. चालक महामार्ग पोलीस दलातला, म्हणजे गाडीवर हात बसलेला माणूस. गाडी विक्रेत्याने तात्पुरती वापरायला दिलेली होती आणि तिच्यात दुसऱ्या मॉडेलचं जाड रबरी मॅट घातलेलं होतं. ॲक्सिलरेटर त्यात अडकला. तीच गाडी आधी नेलेल्या एका ग्राहकाने मॅटची तक्रार केली होती, हे तपासात निघालं. पुढे मॅट आणि अडकणारी पॅडलं यासाठी लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे अध्यक्ष आकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभं राहावं लागलं. सॉफ्टवेअरमध्येच दोष असेल का, हे शोधायला सरकारने नासाला बसवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला : इतक्या मोठ्या वेगवाढीला कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पण सापडला नाही म्हणजे तो असूच शकत नाही असं सिद्ध होत नाही, हेही नासाने त्याच अहवालात मांडलं. काही पॅडलच्या सेन्सरमध्ये शॉर्टसर्किट करू शकणारे कथलाचे केसाहून बारीक तंतू वाढलेले त्यांना दिसले होते. दुसरीकडे एनएचटीएसएने अपघातग्रस्त ५८ गाड्यांतल्या यंत्रात आदळण्याआधी साठलेल्या नोंदी वाचल्या, त्यांतल्या ३५ गाड्यांत ब्रेक दाबल्याची नोंदच नव्हती.

मग ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्युरीने २००५ च्या कॅम्रीच्या अपघातात टोयोटाला जबाबदार धरलं. मायकेल बार या सॉफ्टवेअर तज्ज्ञाने गाडीचा कोड तपासून त्यातल्या त्रुटींवर साक्ष दिली होती. आणि मार्च २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याचं मान्य करून कंपनीने १२० कोटी डॉलर भरले. मॅट आणि पॅडलबद्दल जे माहीत होतं, ते पूर्ण सांगितलं नव्हतं म्हणून.

या सगळ्यात माझ्या मनातून जात नाही तो कुआ फाँग ली. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात २००६ मध्ये त्याची १९९६ ची कॅम्री भरवेगाने दुसऱ्या गाडीवर आदळली. गाडीत त्याचं अख्खं कुटुंब होतं. त्या दुसऱ्या गाडीतली माणसं गेली. मी ब्रेक दाबत होतो, असं तो पहिल्यापासून सांगत राहिला. गाडी तपासली, ब्रेक ठीक निघाले, आणि त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. टोयोटाच्या बातम्या येऊ लागल्यावर त्याचा खटला पुन्हा उघडला गेला, त्याच मॉडेलच्या इतर मालकांनीही तसेच अनुभव सांगितले आणि ऑगस्ट २०१० मध्ये तो सुटला. २०१५ मध्ये दिवाणी दाव्यात ज्युरीने अपघाताला टोयोटा ६० टक्के जबाबदार असल्याचं ठरवलं. उरलेल्या ४० टक्क्यांचा भार त्याच्यावर राहिलाच. पण पहिल्या वेळी सगळा, शंभर टक्के भार त्याच्या एकट्यावर टाकून त्याला तुरुंगात पाठवलं होतं, आणि त्याच्या मुलांची वाढीची वर्षं बापाविना गेली. 'ब्रेक सुस्थितीत' या शब्दांचं वजन एवढं असतं.

आता याच्या उलट टोक बघा. १ जुलै २०२४ ला सोलमध्ये सिटी हॉलजवळ ६८ वर्षांच्या चालकाची मोटार पादचाऱ्यांत घुसून नऊ जण ठार झाले. गाडी आपोआप पळाली, हाच त्याचाही दावा. तपास करणाऱ्यांनी त्याचा शब्द मानला नाही, तसा तो झिडकारलाही नाही. गाडीतल्या नोंदी काढल्या, त्यात ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबलेला निघाला. सीसीटीव्हीच्या चित्रणात मागचे ब्रेक लाइट कधी लागले आणि कधी नाही ते तपासलं. आणि त्याच्या उजव्या बुटाचा तळ न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नेला, तर त्यावर ॲक्सिलरेटर पॅडलचा ठसा उमटलेला सापडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्या न्यायालयाने त्याला साडेसात वर्षांची शिक्षा सुनावली. निकाल कडक आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण मृतांच्या घरच्यांना आणि चालकाच्या घरच्यांनाही काय घडलं ते कळलं. बुटाचा तळ बघायला महागडं यंत्र लागत नाही. आपल्याकडे किती पंचनाम्यांत चालकाची चप्पल जप्त होते?

जपानमध्ये एप्रिल २०१९ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या गाडीखाली तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. गाडीत दोष होता, असं तो न्यायालयात सांगत राहिला. नोंदींनी ते खोटं ठरवलं आणि २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांचा तुरुंगवास झाला. तिथलं सरकार मात्र एवढ्यावर थांबलं नाही. चुकीचं पॅडल दाबलं गेलं तर उसळी रोखणारी यंत्रणा जुन्या गाड्यांना बसवायला वृद्ध चालकांना अनुदान दिलं, आणि पुढे हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपर्यंत नेला. त्यातून १७५ क्रमांकाचा नियम आला. गाडी थांबलेली आहे, समोर मीटर-दीड मीटरवर अडथळा आहे आणि कुणी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तर गाडीने तो हुकूम पाळायचा नाही. सप्टेंबर २०२८ पासून जपानच्या नव्या ऑटोमॅटिक मोटारींना हे सक्तीचं होणार आहे. दिल्लीच्या त्या शोरूममध्ये, नाहीतर सोसायट्यांच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये नेमकं हेच हवं होतं. आपल्याच पुण्यात एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे, दोन्ही वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्था. चाचण्या घ्यायला परदेशी जायची गरज नाही. हा नियम देशभर लागू करणं केंद्राच्या हातात आहे, हे मला माहीत आहे. पण महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी कुर्ल्याचा दाखला देऊन लेखी मागणी केली, तर दिल्लीला ती बाजूला ठेवणं अवघड जाईल.

राज्याच्या हातातल्या गोष्टींकडे येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ खाली अपघातग्रस्त गाडी तपासण्याचा अधिकार तुमचा आहे. गाडी तपासणीला नेली तर सोपस्कार संपवून २४ तासांत परत द्यायची, असं तेच कलम सांगतं. मी तुमची बाजू समजू शकते : एकेका निरीक्षकावर किती गाड्यांचा भार असतो, हे आम्ही ड्रायव्हिंग स्कूलवाले रोज बघतो. पण अनेक नव्या गाड्यांत एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये आदळण्याआधीच्या काही सेकंदांची नोंद राहते. वेग किती, ॲक्सिलरेटर किती दाबलेला, ब्रेक दाबला की नाही. मोठ्या इलेक्ट्रिक बसमध्ये तर याहून अधिक माहिती सतत साठत असते. आज ती काढायची तर कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याच हातात पुरावा द्यायचा. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने ही नोंद गाडीमालकाच्या मालकीची ठरवली. चीनने २०२२ पासून आणि युरोपने २०२४ पासून सगळ्या नव्या मोटारींत ती ठेवणारं यंत्र सक्तीचं केलं. आपल्या राज्यात निदान मृत्यू झालेल्या आणि 'गाडी आपोआप पळाली' असं सांगितलं गेलेल्या प्रत्येक प्रकरणात ती नोंद कंपनीशी संबंध नसलेल्या माणसाने काढावी, तिची एक प्रत चालकाला आणि एक मृताच्या वारसांना मिळावी. एवढा आदेश काढायला नवा कायदा लागतो, असं मला वाटत नाही.

त्या नोंदीलाही डोळे झाकून मानू नये. पॅडलवर पाय होता की नाही हे यंत्राला दिसत नाही. सेन्सरने जे सांगितलं ते यंत्र लिहून ठेवतं. म्हणून ॲक्सिलरेटर पॅडलचे दोन्ही सेन्सर स्वतंत्र तपासायला हवेत, आणि नोंद, चित्रण, बुटाचा तळ हे सगळं शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं. चालकाच्या पायापुढची जागाही बघा. आपल्याकडे गाडी शोरूमबाहेर पडली की पहिला मुक्काम ॲक्सेसरीजच्या दुकानात असतो, आणि तिथे कारखान्याच्या मॅटवर दुसरं जाड मॅट अंथरून देतात. कॅलिफोर्नियात चौघांचा जीव घेणारं कारण आपल्या गल्लीत दोन-तीन हजारांत विकत मिळतं. सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेक पॅडलखाली अडकते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. क्रेनने गाडी ओढून पोलीस ठाण्याच्या आवारात टाकली की यातलं काहीच जागेवर राहत नाही, म्हणून पहिला फोटो पायापुढचा निघावा.

लायसन्सबद्दल तर मला वाद घालायचा आहे. आपला कायदा गिअर नसलेल्या दुचाकीचं आणि गिअरच्या दुचाकीचं लायसन्स वेगळं मानतो. मोटारीला मात्र एकच हलक्या वाहनाचं लायसन्स, मग ती गिअरची असो, ऑटोमॅटिक असो की इलेक्ट्रिक. स्कूटरवरून मोटरसायकलवर जाताना माणसाला परीक्षा द्यावी लागते, आणि तीस वर्षं क्लच दाबलेल्या पायाला एका दिवसात क्लच विसरायला सांगताना कुणी काही विचारत नाही. खाजगी मोटारींसाठी वेगळी परीक्षा लावा, असं मी म्हणत नाही. ती पुन्हा एजंटांचं चराऊ कुरण होईल. पण प्रवासी बस चालवणाऱ्यांसाठी तरी गिअरवरून ऑटोमॅटिकवर आणि डिझेलवरून इलेक्ट्रिकवर जाताना ठरावीक तासांचं प्रशिक्षण, रिकाम्या मैदानावर अचानक ब्रेक मारण्याचा सराव आणि बाहेरच्या परीक्षकाची सही या अटी असाव्यात. बस महापालिकेची असो, एसटीची असो की ठेकेदाराची, अट एकच हवी. ठेक्यावर घेतलेल्या चालकाला किती दिवस शिकवायचं हे आज खर्च वाचवणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि अपघात झाल्यावर आरोपी होतो तो त्या चालकाचा पाय.

आम्हा शिकवणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे, ती मी टाळत नाही. टाच ब्रेकच्या समोर टेकवायची आणि तिथूनच पंजा वळवून ॲक्सिलरेटरवर न्यायचा, पाय अधांतरी उचलायचा नाही. मागे घेताना आधी पाय ब्रेकवर, मग मान वळवायची. गाडीने नको ती उसळी घेतली तर सगळ्यात आधी पाय पूर्ण उचलायचा. हे प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात लेखी असावं, परीक्षेत विचारलं जावं. परिपत्रक काढलंत तर आम्ही पाळू.

आणि एक गोष्ट निरीक्षकांना थेट सांगते. पुढच्या वेळी एखादा साठीचा गृहस्थ किंवा ठेक्यावरचा बसचालक तुमच्यासमोर थरथरत उभा राहून 'साहेब, ब्रेकच दाबत होतो' म्हणेल, तेव्हा त्याला खोटारडा म्हणू नका आणि त्याचं म्हणणं मानूही नका. लिहून घ्या. याआधी कुठली गाडी चालवत होता, ही किती दिवस चालवतोय, कुणी शिकवलं, किती तास शिकवलं, सलग किती वेळ ड्युटीवर होता, पायात काय होतं, मॅट कुठलं होतं, मागचे लाल दिवे चित्रणात दिसतात का. ही माहिती राज्यभरातून एका जागी जमू लागली की वर्षभरात तुम्हालाच दिसेल, अपघात कुठल्या मॉडेलच्या गाड्यांत होतायत आणि कुठल्या वळणावर चालकांचे पाय चुकतायत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ११०अ खाली सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र देऊ शकतं, पण तो कशाच्या आधारावर देणार? तो आधार तुमच्या अहवालातूनच उभा राहू शकतो.

प्रशिक्षणाचा मसुदा करायचा असेल, नाहीतर पायाच्या चुका कॅमेऱ्यात टिपून बघायच्या असतील, तर दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली माझी शिकवायची गाडी आणि माझा सकाळचा वेळ मी विनामूल्य द्यायला तयार आहे. माझ्यासारखे आणखी शिकवणारे मी जमवून देईन. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक ड्रायव्हिंग प्रशिक्षक, पुणे